नापिकीच्या सालाचा हिशेब

बदलत्या हवामानात लहान शेतकऱ्याला सावरायला मदत करायची, असं काम हाती घेतलं की सगळ्यात आधी उत्पादनाचं विचारलं जातं. एकरी किती क्विंटल वाढलं? खर्च किती घटला? नफा किती झाला? अहवालांचे रकानेही याच प्रश्नांचे असतात, आणि पाऊस बरा झाला त्या वर्षी ते छान भरतातही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगु मंडळासारख्या भागात, कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात हे काम जवळून पाहताना माझं मत मात्र हळूहळू पक्कं होत गेलं की मोजायचं ते हे नाही. चांगल्या सालात इथला कास्तकार कुणाच्या मदतीवाचून निभावून नेतो. त्याचं घर बसतं ते नापिकीच्या सालात, आणि एकदा बसलं की पुढची दोन-तीन बरी सालं ते उभं करण्यातच जातात. म्हणून शाश्वत शेतीच्या नावाने आपण जे काही सुचवतो ते एकाच प्रश्नावर तपासायला हवं: पाऊस दगा देईल त्या साली या घराचा तोटा यामुळे किती कमी होईल? चांगल्या सालात दोन क्विंटल जास्त देणारी गोष्ट वाईट सालात कर्ज वाढवत असेल, तर ती कितीही आधुनिक असो, या घराच्या कामाची नाही. उलट चांगल्या सालात थोडं कमी देऊन वाईट सालात घर तगवणारी गोष्ट असेल, तर आपली मेहनत तिच्यामागे लागली पाहिजे.

तलमडुगु आदिलाबाद शहराच्या पश्चिमेला आहे. आणखी पश्चिमेला सरकलं की नांदेड जिल्ह्यातला किनवट तालुका लागतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. मधली रेघ नंतर आखली गेली, माती आणि ढग दोन्हीकडे तेच राहिले. २०१४ साली तेलंगण झालं, २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तरी शिवारातलं चित्र फारसं बदललेलं नाही. खोलगट भागात भारी काळी जमीन, टेकड्यांच्या उताराला मुरमाड बरड, सगळीकडे कापूस, त्यात तुरीचे तास (ओळी), कुठे सोयाबीन, थोडीफार ज्वारी. घरांत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी बोलली जाते, आणि बाजाराच्या दिवशी एकाच माणसाच्या तोंडून यातल्या दोन-तीन भाषा ऐकू येतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या शंभर वहितीदारांपैकी ८६ जणांची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे. इथला कास्तकारही त्यातलाच, आणि त्याच्या त्या चार-पाच एकरांतलाही एक तुकडा बरडाचा असतो.

आदिलाबादेत वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल, पण सरासरीवर पीक वाढत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतातला एकूण मोसमी पाऊस फारसा बदलला नाही, पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. पुढे २०१७ साली त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणारा अतिमुसळधार पाऊस १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात जवळपास तिपटीने वाढला. याचा शेतातला अर्थ असा की जो पाऊस मुरतो तो कमी झाला आणि जो वाहून जातो तो वाढला. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४ हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर एका रात्रीत झाला तर एकरावर ४ लाख लिटर. काळी माती कोरडी असते तेव्हा भेगांनी फाटलेली असते, पहिलं पाणी त्या भेगांतून खोल जातं. पण भिजली की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत शिरणं जवळजवळ थांबतं. मग उरलेलं पाणी उतारावरची भुसभुशीत वरची माती घेऊन नाल्याला लागतं, आणि सखल भागात शेत चिभडतं. पऱ्हाटीच्या मुळांना हवा मिळत नाही, पानं लाल पडतात, पाती गळतात. त्यानंतर तीन आठवडे पावसाचा खंड पडला की हीच माती पुन्हा फाटते आणि फाटताना कोवळी मुळं तोडते. एकाच शेतात, एकाच हंगामात, आधी पाण्याने आणि मग पाण्यावाचून नुकसान होतं. दुष्काळाची योजना एका खात्याकडे आणि अतिवृष्टीचा पंचनामा दुसऱ्याकडे, अशी सरकारी वाटणी इथे उपयोगी पडत नाही.

या बदलाचा पहिला घाव पेरणीवर बसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय कापूस टोबू नका, ही शिफारस सगळ्यांना पाठ आहे. ती बरोबरही आहे. पण ज्याला बैलजोडी दुसऱ्याची सवड बघून मिळते, बायामाणसं आज मिळाली तर मिळाली, आणि शेजारच्या शिवारात टोबणी सुरू झालेली दिसते, त्याला मृगाची पहिली सर पडल्यावर थांबून राहणं परवडत नाही. उशीर झाला तर तेवढे दिवस पीक मागे पडतं, हेही तो जाणतो. मग टोबणी होते, वर ऊन पडतं, आणि अंकुर जमिनीतच करपतात. बीटी कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती आणि एकराला दोन पाकिटं लागतात. दुबार पेरणी करायची म्हणजे एकरी १,८०० रुपयांचं बी, शिवाय टोबणीची मजुरी पुन्हा. पाच एकरांना नुसतं बीच नऊ हजारांचं. हे नऊ हजार जूनमध्ये घरात नसतात. ते कृषी केंद्राच्या उधारीत लिहिले जातात, आणि ती उधारी माल निघाल्यावर, बहुतेक वेळा त्याच दुकानदाराच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे माल घालून फिटते. संकरित बी असल्याने घरचं राखून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. पहिलं पान फुटायच्या आत साल कर्जाने सुरू होतं. हवामान बदलाचा खर्च कुठे दिसतो असं कुणी विचारलं तर माझ्या लेखी तो आधी इथे, या उधारीच्या वहीत दिसतो. करपलेल्या पिकाचं छायाचित्र फार नंतर येतं.

मग कापूस सोडून का देत नाहीत, हा शहरातला नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण या कामातला सगळ्यात जुना गैरसमज त्यात आहे. कास्तकाराला कळत नाही, त्याला समजावून सांगितलं पाहिजे, ही आपली समजूत. प्रत्यक्षात त्याची निवड त्याच्या परिस्थितीत पुरेपूर हिशेबी असते. कापसाला भारतीय कापूस महामंडळाची हमीभावाने खरेदी आहे. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत, हा जाच असला तरी खरेदी आहे. कापूस घरात महिना-दोन महिने ठेवता येतो, वेचणी टप्प्याटप्प्याने होते, तसतसा पैसा हातात येतो. उधार द्यायला दुकानदार कापसालाच तयार असतो. शिवाय रानडुकरं कापूस खात नाहीत. ज्वारीचं पीक हुरड्यावर आलं की पाखरं आणि डुकरं मिळून एका रात्रीत शेताची वाट लावतात, आणि एकट्या-दुकट्याने ज्वारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच शेतावर उतरतात. ज्वारी सोडण्यामागे आळस नाही की खाण्याची आवड बदलणंही नाही. राखणीचं ओझं एका घराला पेलत नाही. हे समजून न घेता भरडधान्याचं महत्त्व सांगणारी पत्रकं वाटली तर ती घडी घालून ठेवली जातात, आणि ठेवणाऱ्याचं त्यात काही चुकत नाही.

तरीही कापसाच्या मागे गेल्याने जे तुटलं ते मोजावंच लागेल. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ पासून आलं. सुरुवातीला बोंडअळीवरची फवारणी कमी झाली, उत्पादन वाढलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गुलाबी बोंडअळी बीटीच्या विषाला पचवायला शिकली आणि गेल्या दशकाच्या मध्यापासून गुजरात, महाराष्ट्र, तेलंगणात दोन जनुकांचं वाणही तिला रोखेनासं झालं. १६०-१८० दिवस शेतात उभं राहणारं संकरित वाण आणि त्यावर फरदड (वेचणी झालेल्या पऱ्हाटीवरच पुन्हा माल घेणं), म्हणजे अळीला बारा महिने घर. तणाला मजूर मिळेना म्हणून तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं ‘चोर बीटी’ घुसलं. ते फसलं तर दाद कुठेच मागता येत नाही. याहून खोल नुकसान सावकाश झालं. ज्वारीचा पेरा घटला तसा कडबा घटला, कडबा नाही म्हणून जनावरं कमी झाली, जनावरं कमी म्हणून शेणखत उकिरड्यावर साठेना, आणि खताविना मातीतला सेंद्रिय कर्ब उतरत गेला. कर्ब उतरला की माती पाणी कमी धरते. म्हणजे ज्या तीन आठवड्यांच्या खंडात पूर्वीचं पीक मान टाकून पुन्हा उभं राहायचं, त्याच खंडात आजचं पीक जातं. पावसाचा खंड आभाळाने दिला हे खरं, पण तो सोसण्याची मातीची ताकद आपल्या पीकपद्धतीने गेली. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय इथल्या नापिकीचं कारण पुरं होत नाही, आणि दुसरी गोष्ट तेवढी आपल्या हातात आहे.

आता वाईट सालाच्या कसोटीवर काय उतरतं ते पाहू. सगळ्यात स्वस्त उपाय पाण्याचा आहे. पतंचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत १९७० च्या दशकापासून काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा सरीची पद्धत विकसित झाली. वरंब्यावर पीक आणि मधल्या सरीतून जादा पाणी सावकाश बाहेर. त्याचं यंत्र आज मिळतं, पण ते ट्रॅक्टरमागे चालतं आणि पेरणीच्या घाईच्या चार दिवसांत गावातल्या सगळ्यांना मिळत नाही. विदर्भात आणि या पट्ट्यात त्याला एक साधा पर्याय आहे. पीक गुडघ्याएवढं व्हायच्या आत शेवटच्या डवरणीला (कोळपणीला) डवऱ्याला दोरी गुंडाळायची. दोरीच्या जाडीने माती दोन्ही बाजूंना, झाडाच्या बुडाशी लोटली जाते आणि दोन तासांच्या मध्ये सरी पडते. उताराला आडवी डवरणी केली तर प्रत्येक सरी म्हणजे छोटा बांध होतो. हलक्या जमिनीत ही सरी पाणी धरते; भारी जमिनीत तिला धुऱ्याकडे हलका उतार दिला की चिभडणं वाचतं. खर्च म्हणाल तर दोरीचा, आणि डवरणी तर करायचीच असते. चांगल्या सालात याने उत्पादनात फरक पडलेला दिसेलच असं नाही, म्हणून प्रात्यक्षिकाच्या अहवालात ही दोरी कुठे सापडत नाही. वाईट सालात मात्र शेजारच्या शेतात पऱ्हाटी पिवळी पडलेली असताना इथे ती उभी असते.

दुसरा उपाय तुरीचा, आणि तो कुणी बाहेरून आणलेला नाही. कापसाच्या आठ-दहा तासांमागे तुरीचा एक किंवा दोन तास ही इथली जुनी रीत. तुरीचं मूळ खोल जातं, ती खंड सोसते, पाला गाळून जमिनीला देते, आणि कापूस गेला तरी डिसेंबर-जानेवारीत तिच्या शेंगा घरात येतात. तणनाशकाचा वापर वाढला तसे तुरीचे तास कमी झाले, कारण कापसात चालणारं तणनाशक तुरीला मारतं. तिसरा उपाय हंगाम आटोपता घेण्याचा: कमी दिवसांचं वाण, फरदड न घेता डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणं, आणि मोकळ्या शेतात ओल असेल तर हरभरा. एके काळी नांदेड, परभणी, आदिलाबाद या सलग पट्ट्यात गावराणी कापूस होता. मूळ खोल आणि रसशोषक किडींना दाद न देणारा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने याच देशी कापसाचे पीए मालिकेतले सुधारित, लांब धाग्याचे वाण काढले आहेत. हे सरळ वाण आहेत, बी घरचं राखता येतं. बरड तुकड्यावर ते लावायला काहीच हरकत नाही. अडचण आहे ती बी वेळेवर मिळण्याची आणि जिनिंगवाल्याने ते वेगळं घेण्याची.

फवारणीबद्दल बोलताना २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरून चालणार नाही. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. पीक उंच, अळी हाताबाहेर, फवारणी पुन्हा पुन्हा, आणि दाट पऱ्हाटीत डोक्याच्या उंचीवर उडणारं औषध. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, मित्रकीटकांना वाव या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्या वर्षाच्या खर्चातला मोठा रोख भाग काढून घेतात. तेलंगणातच याचा दाखला आहे. जुन्या खम्मम जिल्ह्यातल्या पुनुकुला आणि जुन्या वरंगल जिल्ह्यातल्या एनाबावी या गावांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रासायनिक कीटकनाशकं सोडली. त्यांच्या अनुभवावर पुढे महिला बचत गटांच्या जाळ्यातून संयुक्त आंध्रात हे काम हजारो गावांत गेलं. तिथे लोकांना आधी पटलं ते उत्पादनाचं नव्हे. दुकानाची उधारी थांबली हे पटलं. माझ्या मांडणीला याहून नेमका पुरावा मला देता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की अशाने उत्पादन घटेल, आणि देशाला कापूस, डाळ, धान्य हवं आहे. श्रीलंकेचं उदाहरण लगेच दिलं जातं: २०२१ मध्ये सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. उदाहरण खरं आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलतं. तिथे बदलाचा सगळा धोका एका हंगामात शेतकऱ्याच्या अंगावर टाकला गेला. मी सांगतोय ते नेमकं उलट: धोका आधी कमी करा, तोही एकराच्या एका कोपऱ्यापासून. युरियाची गोणी आज बंद करा असं या पट्ट्यात कुणाला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. कर्ब उतरलेली जमीन शेणखताने सावरायला काही वर्षं लागतात. यवतमाळचे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची नैसर्गिक शेती अनेक वर्षं माती, पाणी आणि झाडं यांच्यावर केलेल्या कामावर उभी आहे. ते पाहून आलेला माणूस भारावतो, पण एक हंगाम तोटा सोसायची ऐपत नसलेल्या घराला मधली वर्षं कशी काढायची हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर देणं हे आमच्यासारख्यांचं काम आहे.

दुसरा आक्षेप सिंचनाचा. धरणं पूर्ण करा, कालवे काढा, मग ही दोरी-सरीची भाषा लागणार नाही. पाणी हवं याबद्दल दुमत नाही. तामसीजवळचा मत्तडीवागू प्रकल्प, सातनाला, पैनगंगेवरचा चनाका-कोरटा बंधारा, मिशन काकतीयमधून २०१५ पासून झालेली तलावांची दुरुस्ती, या सगळ्याने काही जमीन ओलिताखाली आली आणि येईल. पण उंचावरच्या बरडाला आणि टेकडीच्या कुशीतल्या गोंड-कोलाम गुड्यांना (वस्त्यांना) कालव्याचं पाणी पोचणं अवघड आहे, आणि नेमकी तीच घरं आधी मोडतात. शिवाय कालवा चिभडलेल्या शेताला काय देणार? जादा पाण्याचा निचरा ओलिताच्या शेतातही करावाच लागतो.

तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: तोटा भरून द्यायचा असेल तर सरळ पैसे द्या, पीकपद्धतीत लुडबुड कशाला? तेलंगणने हे करून पाहिलं आहे. २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेतून एकरी हंगामाला ४ हजार रुपये सुरू झाले, आणि २०२५ पासून रयतू भरोसाच्या नावाने ६ हजार. पेरणीच्या तोंडावर येणारा रोख पैसा उधारी टाळतो, म्हणून मी या योजनेला मानतो. पण तो एकराला मिळतो, नुकसानीला नाही. ज्याचं पीक गेलं आणि ज्याचं आलं, दोघांना सारखाच. नुकसानीसाठी असलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेतून राज्य २०२० मध्ये बाहेर पडलं. रयतू बिमा आहे, पण तो शेतकरी दगावला तर घराला ५ लाख देतो. पीक दगावलं तर घराने काय करायचं, याची तरतूद त्यात नाही. पलीकडे किनवटमध्ये विमा होता, २०२३ पासून दोन वर्षं तर एक रुपयात, आणि तिथे भरपाई केव्हा नि किती याच्या तक्रारी वेगळ्या. एकाच ढगाखालच्या दोन शेतांना दोन राज्यांत दोन न्याय. आणि दोन्हीकडे पैसा पोचतो तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्यापर्यंत. मक्त्याने शेती करणारा, पट्टा न मिळालेली पोडू (जंगलातली) जमीन कसणारा, आणि जिच्या नावावर काहीच नाही पण निंदण-वेचण जिच्या हाताने होतं ती बाई, यांच्या वाट्याला तोटा पुरता येतो आणि मदत येत नाही. नगदी मदत हवीच. ती मातीची ताकद परत आणत नाही आणि ज्यांचा धोका सगळ्यात मोठा त्यांनाच वगळते, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही.

शेवटी हवामान बदलाच्या न्यायाचा आक्षेप. ज्या माणसाने हवेत जवळपास काहीच सोडलं नाही, त्यानेच आपली शेती का बदलायची? हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला वळसा घालणार नाही. बदलाचा खर्च त्याने सोसावा असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणूनच पहिल्या वर्षाचा धोका सार्वजनिक पैशाने उचलला पाहिजे, आणि आज नेमकं तेच होत नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०११ पासून हवामान-अनुकूल शेतीचा राष्ट्रीय प्रकल्प चालला आहे. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरायचं, चार आठवडे लांबला तर काय, याचे जिल्हावार आराखडेही तयार आहेत. आराखडे चांगले आहेत. पण जुलैच्या मध्यात ते बी दुकानात नसतं. दुकानदार का ठेवेल? ते लागलं नाही तर त्याचा तोटा.

तेव्हा माझ्या हाती ठरवायचं असतं तर मी प्रशिक्षणांवरचा निम्मा पैसा काढून गावातच दुसऱ्या पेरणीचं बी ठेवायला दिला असता. तूर सलग घ्यायची तर एकरी पाच-सहा किलो बी लागतं, ज्वारीला तीन-चार किलो. पन्नास एकरांची पेरणी फसली असं धरलं तरी तुरीचं तीन क्विंटल बी पुरतं. ते उगवण तपासून, कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या कणग्यांत महिला गटाने सांभाळायचं. ज्याची पेरणी फसली त्याने उचलायचं, मग तो पट्टेदार असो की मक्तेदार, आणि माल आला की सव्वापट बी परत करायचं. झहीराबादकडे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी भरडधान्याच्या बियाण्याचं असं काम वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे. कुणाचं बी लागलंच नाही, तर ते पुढच्या मृगाआधी धान्य म्हणून विकून नवं भरायचं. त्यात होणारी घट हाच प्रकल्पाचा खर्च, आणि तो मंजूर करताना कुणी उत्पादनवाढीचा रकाना पुढे करू नये. ज्वारी पेरायची तर सगळ्यांनी एका पट्ट्यात, म्हणजे राखण वाटून घेता येते. पावसाचा इशारा फक्त तेलुगू संदेशात न येता गावच्या भोंग्यावरून मराठीत आणि गोंडीतही सांगितला जावा, टोबणीआधी. आणि हे सगळं चाललं की नाही ते तपासायला पाऊस चांगला झालेल्या साली येऊ नये; खंड पडेल त्या ऑगस्टमध्ये यावं, आणि त्या गावातल्या कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत या वर्षी किती नावं दुसऱ्यांदा लिहिली गेली तेवढं पाहावं.